झटके आलेल्या बाईला मॅगसल्फ सिस्टरने द्यावं, की डॉक्टरची वाट पाहावी?

रात्रपाळीची सिस्टर
कळा चालू असताना बाईला झटके येतात. एमओंचा, म्हणजे ड्यूटीवरच्या मेडिकल ऑफिसरांचा, फोन लागत नाही. मॅगसल्फ, म्हणजे झटके थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन, ट्रेमध्ये आहे. आणि आमच्या बैठकीत सांगितलं जातं, "केसपेपरवर ऑर्डर नसेल तर हात लावायचा नाही." माझं मत: पहिला डोस सिस्टरने द्यायलाच हवा. केंद्र सरकारच्या 2010 च्या प्रसूतीविषयक सूचना एएनएम (उपकेंद्रातली नर्स), एलएचव्ही (एएनएमवर देखरेख करणारी आरोग्य कर्मचारी) आणि स्टाफ नर्स यांच्यासाठीच आहेत. दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम खोल स्नायूत द्या आणि मग रेफर करा, असं त्यात आहे. उपकेंद्रातली एएनएम जे करू शकते, ते रुग्णालयातल्या सिस्टरने का करू नये?

स्त्रीरोगतज्ज्ञ, जिल्हा रुग्णालय
माझा विरोध आहे. मॅगसल्फ जास्त झालं तर श्वास मंदावतो. डोसआधी गुडघ्याचा रिफ्लेक्स, मिनिटाला किमान 16 श्वास आणि लघवीचं प्रमाण बघावं लागतं. शिवाय दिलेली मुभा ताणली जाते. बाळ लवकर व्हावं म्हणून आधीच ऑक्सिटोसिन स्नायूत टोचलेल्या बायका गर्भपिशवी फाटलेल्या अवस्थेत आमच्याकडे येतात. त्यांचं रक्त थांबवायला आम्ही उभे असतो.

रात्रपाळीची सिस्टर
डॉक्टर, लघवी मोजायची ती पुढच्या डोससाठी. झटके चालू असताना पहिल्या डोससाठी तासन्‌तास थांबत नाहीत. श्वास मंदावलाच तर त्यावरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, त्याच ट्रेमध्ये असतं. आणि बाळ व्हायच्या आधी स्नायूत ऑक्सिटोसिन टोचणं चूकच, त्यावर कारवाई करा. पण बाळ झाल्यावर तेच 10 युनिट प्रत्येक बाळंतिणीला द्यायचे असतात. त्या चुकीसाठी झटके आलेल्या बाईचं औषध का अडवायचं?

निवृत्त मेट्रन
दोघांचंही एका गोष्टीकडे लक्ष नाही. मॅगसल्फची 2 मिलीची ॲम्प्युल म्हणजे 1 ग्रॅम. म्हणजे 10 ॲम्प्युल फोडून भरायच्या. त्याच वेळी बाईला कुशीवर वळवायचं, लाळ ओढायची, ऑक्सिजन लावायचा, ती टेबलावरून पडू नये म्हणून धरायचं. रात्री सिस्टर एकटी. बरोबर आया असली तर नशीब. अधिकार दिलात आणि दुसरी सिस्टर दिली नाहीत, तर उद्या चौकशीत तीच उभी राहील. सिस्टरला अधिकार द्यावा असंच मी म्हणते, पण दुसरी सिस्टर मिळाल्यावर.

नर्सिंग ट्यूटर
रक्तस्रावाचं उदाहरण बघा. 2023 मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या रुग्णालयांचा मोठा अभ्यास आला. बाळंतिणीखाली मापाच्या खुणांची पिशवी ठेवली, कारण नुसत्या नजरेने रक्त बऱ्याचदा कमीच वाटतं. ठरलेल्या खुणेवर रक्त गेलं की मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध), सलाइन आणि तपासणी, सगळं एकदम सुरू. यात दाईचं प्रशिक्षण घेतलेल्या सिस्टर पुढे होत्या. गंभीर रक्तस्राव आणि त्यातून होणारी शस्त्रक्रिया किंवा मृत्यू, हे मिळून 60 टक्क्यांनी कमी झाले.

स्त्रीरोगतज्ज्ञ, जिल्हा रुग्णालय
तिथे आधी प्रशिक्षण झालं होतं, साहित्य हाताशी होतं. आपल्याकडे मॉक ड्रिल होतं ते तपासणी पथक यायच्या आदल्या दिवशी, आणि तेही दिवसा. फोनवर तोंडी ऑर्डर द्यावी, सिस्टरने ती वेळेसह लिहावी, एवढं मला मान्य आहे.

रात्रपाळीची सिस्टर
फोन लागत नाही, वादच तिथून सुरू झाला. म्हणून अधीक्षकांच्या सहीची कायमची लेखी ऑर्डर लेबर रूमच्या भिंतीवर हवी: औषध, डोस, कुठे टोचायचं, कधी थांबायचं.

स्त्रीरोगतज्ज्ञ, जिल्हा रुग्णालय
सही करणाऱ्याने दर महिन्याला रात्रपाळीत ड्रिलही घ्यावं. तेवढी अट लिहिलीत तर माझा विरोध मागे.