धायरीत पंधरा खाटांचे निवासी व्यसनमुक्ती केंद्र : सुरुवात कशी करावी?

धायरीकर : सप्रेम नमस्कार. आमच्या ट्रस्टची दुमजली इमारत रिकामी असून तेथे निवासी व्यसनमुक्ती केंद्र काढावे, असा विचार चालू आहे. डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले, ते पुण्याच्या येरवड्यात. सिंहगड रस्त्याकडच्या कुटुंबांना ते शहराचे दुसरे टोक पडते. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूच्या आहारी गेलेल्या साधारण १८० जणांपैकी एकालाच दाखल होऊन उपचार मिळतात. म्हणून जास्तीत जास्त खाटा घालाव्यात, असे मला वाटते. जाणकारांनी मत द्यावे.

निवृत्त परिचारिका : खाटा जरूर वाढवा, पण पहिला आठवडा कोण सांभाळणार हे आधी ठरवा. रोज पिणाऱ्याची दारू एकदम थांबली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो. माझ्या रात्रपाळीत एक गृहस्थ चादरीवरून नसलेल्या मुंग्या वेचत होते, अंग घामाने निथळत होते, आणि नवखा मदतनीस त्याला नाटक समजत होता. असा रुग्ण उपचारांविना दगावू शकतो. मनोविकारतज्ज्ञ, रात्रीची प्रशिक्षित परिचारिका आणि जवळच्या रुग्णालयाशी बोलणी, एवढे झाल्याशिवाय कोणालाही दाखल करू नका. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ व्यसनांनाही लागू आहे. नोंदणी करावी लागते आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण ‘जरा धाक दाखवा’ अशी विनवणी घरची माणसेच करतात.

एक सहचरी : माझे पती पस्तीस दिवस राहून आले, तेव्हा आम्ही पेढे वाटले. पहिल्या पगाराच्या संध्याकाळी ते पुन्हा पिऊन आले. त्या केंद्राकडून आम्हाला एकही फोन आला नव्हता. दुसऱ्या ठिकाणी मात्र दर आठवड्याला फॉलोअप होता, बायकांची वेगळी बैठक होती आणि पगार काही महिने माझ्या हाती द्यावा, हे समुपदेशकांनी दोघांना समोर बसवून ठरवून दिले. आज ते चार वर्षे दारूपासून दूर आहेत. आपण पंधरा खाटा म्हणता. त्यातून महिन्याला पंधरा माणसे बाहेर पडतील, तर वर्षाअखेरीस पावणेदोनशेच्या वर घरांचा पाठपुरावा करावा लागेल. त्यासाठी माणसे किती ठेवणार आहात? शिवाय स्त्रियांसाठी स्वतंत्र जागा ठेवावी. पिणाऱ्या बाईला घरचे लोक लपवतात, उपचारांना नेत नाहीत.

धायरीकर : दोघींचा मनःपूर्वक आभारी आहे. पाठपुराव्याचा हिशेब आम्ही मांडलाच नव्हता. आता आठ खाटांनी सुरुवात करून खालच्या मजल्यावर फॉलोअप व कुटुंबांच्या बैठका घ्याव्यात आणि स्त्रियांचा विभाग स्वतंत्र जिन्याची सोय झाल्यावरच उघडावा, असे विश्वस्तांपुढे मांडतो. परिचारिकाताई, रात्रपाळीच्या प्रशिक्षणासाठी आपण काही दिवस येऊ शकाल का?