आयटी हेडनेच सीआयएसओचा (माहिती सुरक्षा प्रमुखाचा) चार्ज घ्यावा का?

जुना_ईडीपीवाला:
पुण्यातल्या एका एनबीएफसीत (बँक नसलेली वित्त कंपनी, आरबीआयच्या वर्गवारीत मिडल लेअरमधली) आयटी हेड आहे. नव्वदच्या दशकात लागलो तेव्हा आमचं खातं म्हणजे ईडीपी (इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग). महिनाअखेरीला डॉट मॅट्रिक्सवर व्याजाचे कागद काढायचे, शनिवारी बॅकअपची टेप डब्याच्या पिशवीतून घरी न्यायची. सर्व्हर रूमचा एसी चालू आहे ना, एवढंच साहेब विचारायचे.

आता दर तिमाहीला संचालकांच्या आयटी स्ट्रॅटेजी कमिटीपुढे उभा असतो. तिथे सर्व्हरचं नावही कोणी काढत नाही. क्लाउडवाल्याने हात वर केले तर काय, डीआर ड्रिलला (यंत्रणा कोलमडल्यावर पुन्हा उभी करायच्या सरावाला) खरा वेळ किती लागला, असले प्रश्न. एक संचालक थेट विचारतात, "यातलं काय बंद पडलं की वसुली थांबेल?" (प्रश्न चोख आहे, उत्तर देताना घाम फुटतो.)

सध्या सीआयएसओ नोकरी सोडून गेलाय. एमडी म्हणतात, नवा माणूस महाग पडतो, तुम्हीच बघा ते. घ्यावं का?

तांबडी_शाई:
अजिबात नको. आरबीआयचं नोव्हेंबर 2023 चं आयटी गव्हर्नन्सचं मास्टर डायरेक्शन (नियमावली) 1 एप्रिल 2024 पासून तुम्हालाही लागू आहे. सीआयएसओने आयटी हेडला रिपोर्ट करायचंच नाही. रिस्क बघणाऱ्या ईडीला (कार्यकारी संचालकाला) किंवा त्या दर्जाच्या अधिकाऱ्याला करायचं. धंद्याचं टार्गेटही त्याला देता येत नाही. सॉफ्टवेअरचे सुरक्षा पॅच टाकायचे राहिले म्हणून तुम्ही स्वतःवरच शेरा मारणार का?

मनीषा_के:
ऑगस्ट 2018 मध्ये सायबर हल्ल्यात कॉसमॉस बँकेचे 94 कोटी गेले तेव्हा मी दुसऱ्या एका सहकारी बँकेत होते. त्या आठवड्यात आमचे चेअरमन पहिल्यांदा आयटीच्या खोलीत आले. तोवर खर्चाला कात्री लावायची म्हटलं की आधी आमचंच बजेट.

काका, एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. रात्री दोनला हल्ला झाला. आयटी हेड म्हणून तुम्हाला सर्व्हर पुसून सकाळपर्यंत शाखा चालू करायच्यात. सीआयएसओ म्हणून तोच सर्व्हर जसाच्या तसा ठेवायचाय, कारण पुरावा त्यातच आहे. शिवाय सहा तासांत सर्ट-इनला (सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला) कळवायचं. एका माणसाने कोणाचं ऐकायचं?

जुना_ईडीपीवाला:
पटलं. एमडींना लेखी नोट देतो, तोंडी सांगितलेलं ते सोयीने विसरतात. नवा माणूस येईपर्यंत रिस्कच्या मॅडमनी बघावं असं सुचवणार आहे. त्यांना फायरवॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण प्रश्न विचारायला घाबरत नाहीत. बाकी समजावून देईन.