दुपारी तुटणारे इंटरनेट आणि जाड भिंतींचे घर: नवा राउटर घ्यावा का?

तापीकाठ (चोपडा तालुका)

नमस्कार. आमच्या घराचा पुढचा भाग जुना, दगड-मातीच्या जाड भिंतींचा आणि धाब्याचा आहे; त्याच्या मागे अलीकडे बांधलेल्या दोन खोल्या आणि त्यांवर पत्र्याची माडी आहे. फायबरची केबल खांबावरून थेट माडीवर आणल्यामुळे मोडेम तेथेच, पत्र्याच्या लगत भिंतीवर बसवलेला आहे. प्लॅन १०० एमबीपीएसचा असून माडीवर मोबाइलवर तपासले असता बहुतेक वेळा ८० ते ९० इतका वेग दिसतो. पुढच्या ओसरीत मात्र, जिथे सासरे सकाळी केळीचे भाव पाहतात आणि मुलगी रात्री अभ्यासाला बसते, तिथे वेग जेमतेम ४-५ मिळतो आणि कधी कधी तर वायफायचे नावही दिसत नाही.

दुसरी अडचण याहून त्रासदायक आहे. उन्हाळा सुरू झाल्यापासून दुपारी एक ते चारच्या दरम्यान जोडणी वारंवार तुटते आणि काही मिनिटांनी आपोआप परत येते. दीर माडीवरून पुण्यातील कंपनीचे काम करतात. बैठक चालू असतानाच असे घडले की त्यांची फार अडचण होते. सेवापुरवठादाराकडे तक्रार केली असता ‘लाइन ठीक आहे’ असे उत्तर मिळाले. दुकानदार सहा अँटेनांचा नवा राउटर घ्या म्हणतात, तर एका नातेवाइकांनी त्यांच्याकडचा जुना, टेलिफोन लाइनवर चालणारा मोडेम-राउटर देऊ केला आहे. तो फायबरवर चालेल का? नवा घ्यायचाच असेल तर काय पाहून घ्यावा, आणि तो घेतल्याने दुपारचा त्रास थांबेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गिरणाखोरे (जळगाव)

ताई, आपल्या घरात दोन वेगळे दोष आहेत असे वर्णनावरून वाटते आणि दोन्हींवर एकच उपाय विकत घेण्याची घाई करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. घराबाहेरून येणारी लाइन, भिंतीवरचा मोडेम आणि त्यातून निघणारे वायफाय या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बिघाड यांपैकी कशात आहे हे ठरण्याआधी घेतलेला राउटर बहुधा जुन्याच अडचणीसह नव्या डब्यात चालू राहतो.

जुन्या मोडेमचे आधी सांगतो. टेलिफोन लाइनच्या मोडेमला तांब्याच्या तारेची जोडणी लागते आणि ती जुनी (एडीएसएल) यंत्रणा उत्तम लाइनवरही साधारण २४ एमबीपीएसच्या पलीकडे जात नाही. फायबरमध्ये माहिती प्रकाशाच्या रूपाने येते. आपल्याकडे बहुतेक घरांत असलेल्या जीपॉन पद्धतीत येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा आणि जाणारा १३१० नॅनोमीटरचा असतो. त्याचे विजेच्या संदेशात रूपांतर करणारा भागच त्या जुन्या यंत्रात नसल्यामुळे फायबरची केबल त्याला थेट जोडता येणार नाही. माडीवरच्या मोडेमपासून ओसरीपर्यंत लॅन केबल ओढून त्याचा केवळ वायफाय देणारे उपकरण म्हणून उपयोग करता येईल. त्यासाठी त्यातील डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम, बंद करावे, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ असा मुख्य मोडेमपेक्षा वेगळा ठेवावा आणि केबल दोन्हीकडे लॅनच्याच पोर्टमध्ये लावावी. मात्र अशी जुनी यंत्रे सहसा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, त्यामुळे भाव पाहणे आणि अभ्यास यांपलीकडे त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

आता दुपारचा त्रास. जोडणी तुटेल त्या क्षणी मोडेमवरचे दिवे पाहून ठेवावेत. ‘लॉस’चा (एलओएस, म्हणजे सिग्नल नसल्याचा) दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच येत नाही, म्हणजे दोष बाहेरच्या केबलमध्ये किंवा तिच्या जोडात आहे. सगळेच दिवे एकदम विझून पुन्हा एकेक लागत असतील तर मोडेम स्वतःच बंद होऊन सुरू होत आहे आणि त्याचा लाइनशी संबंध नाही. दिवे जागच्या जागी हिरवे राहूनही मोबाइलवर इंटरनेट थांबत असेल, तर लॅपटॉप केबलने थेट मोडेमला जोडावा. केबलवर चालले आणि वायफायवर थांबले, तर शोध वायफायचा घ्यायचा.

दिव्यांपाशी दुपारभर थांबणे शक्य नसेल तर आणखी एक खात्रीची खूण आहे. ब्राउझरमध्ये मोडेमचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, टाकून त्याचे पान उघडावे. तिथे मोडेम किती वेळापासून सुरू आहे हे ‘अपटाइम’ या नावाखाली लिहिलेले असते. दुपारी जोडणी तुटल्यानंतर हा आकडा शून्यापासून मोजायला लागला असेल तर मोडेम पुन्हा सुरू झाला. आकडा सकाळपासूनचा अखंड असेल तर मोडेम बंद पडलेला नाही, लाइन किंवा वायफाय तुटले. त्याच पानावर ऑप्टिकल माहितीत ‘आरएक्स पॉवर’ हा आकडा डीबीएम या प्रकाशाची शक्ती मोजण्याच्या एककात मिळतो. तो उणे असतो आणि उणे जितका जास्त तितका प्रकाश क्षीण. नेहमीच्या मोडेमला उणे ८ ते उणे २७ या मर्यादेत काम करता येते, परंतु उणे २५ च्या पुढे गेलेली लाइन काठावर उभी आहे असे समजावे. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, म्हणून उणे २१ आणि उणे २७ यांत चौपट अंतर आहे. ‘लाइन ठीक आहे’ या उत्तरापेक्षा हा आकडा तक्रारीत लिहिलेला बरा.

पत्र्याखालची जागा मला अजिबात योग्य वाटत नाही. घरगुती मोडेमवर चालण्याचे तापमान बहुधा शून्य ते ४० अंश सेल्सियस असे छापलेले असते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलेच तापमान ४५ च्या आसपास जाते, तर तापलेल्या पत्र्याच्या लगत काय होत असेल याची कल्पना करता येईल. मोडेम काही दिवस खालच्या खोलीत, मोकळ्या हवेत ठेवून पाहावा. केबल पुरत नसेल तर ती स्वतः ओढू किंवा वाकवू नये. फायबरला साधारण तीन सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचे वळण चालत नाही.

पांझराकाठ (धुळे)

गिरणाखोरे यांनी सांगितलेल्या तपासण्या कराव्यातच; मी विजेच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण उन्हाळ्यात दुपारीच येणाऱ्या दोषात तिचा वाटा अनेकदा असतो.

मोडेमचा अडॅप्टर आणि कूलर एकाच बोर्डावर आहेत का, हे पाहावे. कूलरची मोटार सुरू होताना विजेचा दाब क्षणभर खाली येतो, आणि दुपारी सगळ्या गावाचे कूलर चालू असताना मुळातच कमी असलेला दाब आणखी घसरला तर अशक्त अडॅप्टर मोडेमला पुरेसा प्रवाह देऊ शकत नाही. अडॅप्टरवरचे आणि मोडेमच्या तळाच्या चिठ्ठीवरचे आकडे शेजारी ठेवून वाचावेत. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी मात्र चालत नाहीत. पिनचा मधला भाग धन आहे की ऋण, हेही जुळले पाहिजे.

भारनियमनाच्या वेळी इन्व्हर्टरवर जाताना मोडेम बंद होऊन सुरू होत असेल तर राउटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस घ्यावा. तो अडॅप्टर आणि मोडेम यांच्यामध्ये बसतो आणि वीज गेल्याचे मोडेमला कळूही देत नाही. तोही त्याच व्होल्टचा आणि पुरेशा अँपिअरचा असावा.

कूलरविषयी आणखी एक गोष्ट, जी सहज लक्षात येत नाही. लोखंडी पत्र्याच्या बॉडीचा कूलर खिडकीत ठेवला आणि मोडेम त्याच्या पलीकडे असला, तर ते लोखंड आणि आतले पाणी दोन्ही वायफाय अडवतात. हिवाळ्यात रेंज यायची आणि उन्हाळ्यात येत नाही, असे सांगणाऱ्या कित्येक घरांत नुसता कूलर हलवल्याने फरक पडलेला मी पाहिला आहे. लोखंडी कपाटाचेही तसेच.

तापीकाठ (चोपडा तालुका)

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे पाहिले, त्याचे निष्कर्ष लिहिते.

दुपारी जोडणी तुटल्यावर अपटाइमचा आकडा प्रत्येक वेळी नव्याने सुरू झालेला दिसला, म्हणजे मोडेमच बंद होत होता. अडॅप्टर काढून वाचला तेव्हा त्यावर १२ व्होल्ट, १ अँपिअर असे छापलेले होते आणि मोडेमच्या तळाशी १२ व्होल्ट, १.५ अँपिअर. पहिला अडॅप्टर जळाल्यावर जोडणी पाहणाऱ्या माणसाने हा दुसरा आणून लावला होता आणि हाताला तो दुपारी चांगलाच गरम लागत होता. तालुक्याच्या ठिकाणाहून १२ व्होल्ट, २ अँपिअरचा आणून लावला. त्यानंतर तुटणे बरेच कमी झाले, पण अगदी कडक उन्हाच्या दुपारी अजून कधी कधी घडते.

आरएक्स पॉवर उणे २६.८ दाखवत होती. तो आकडा लिहून तक्रार केल्यावर माणूस आला. खिडकीच्या कोपऱ्यात केबल खिळ्याच्या क्लिपने घट्ट आवळलेली होती आणि तिथेच तिला काटकोनात वळण दिलेले होते. त्याने तेवढा भाग कापून नवा जोड दिला आणि आकडा उणे २१.४ वर आला. मोडेम खाली मागच्या खोलीत आणण्याइतकी केबलही त्याने मोकळी करून दिली आहे.

आता प्रश्न उरला तो पुढच्या ओसरीचा. मागची खोली आणि ओसरी यांच्यामध्ये दोन जाड भिंती येतात. त्यासाठी राउटर घ्यायचा झाल्यास कोणता घ्यावा?

गिरणाखोरे (जळगाव)

मोडेम खाली आल्यावर कडक दुपारचाही त्रास थांबेल अशी मला पूर्ण आशा आहे. तरीही थांबला नाही, तर मोडेमच बदलून मागावा, कारण मग लाइन आणि वीज या दोन्ही शंका मिटलेल्या असतील.

ओसरीसाठी अँटेना मोजून राउटर घेऊ नये. वायफायचे प्रक्षेपण किती शक्तीने करावे यावर कायद्याने मर्यादा असते, त्यामुळे चार अँटेनांचा असो वा सहांचा, दगड-मातीच्या दोन भिंती तो भेदून जाईल अशी अपेक्षा व्यर्थ आहे. पावसाळ्यात त्याच भिंती ओल धरतात आणि आणखी सिग्नल गिळतात. शिवाय मोबाइललाही उलट दिशेने राउटरपर्यंत पोहोचावे लागते आणि त्याची ताकद राउटरहून कमी असते. म्हणून मागच्या खोलीतला राउटर मोठा करण्यापेक्षा ओसरीतच दुसरा, साधा राउटर बसवणे आणि दोघांना केबलने जोडणे हाच या घराला शोभणारा मार्ग आहे. बिनतारी मेश संचाचीही (अनेक उपकरणे मिळून एकच वायफाय देणारा संच) जाहिरात बरीच होते, पण त्यातील दोन उपकरणांनाही आपसात त्याच भिंतींमधून बोलावे लागते. केबलने जोडले तरच तो संच अशा घरात उपयोगी पडतो.

घेताना तीन गोष्टी निश्चित पाहाव्यात: सर्व पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) असावेत, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही बँड असावेत आणि त्यात ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (स्वतः पत्ते न वाटता फक्त वायफाय देण्याची सोय) असावा. फास्ट इथरनेटच्या, म्हणजे १०० एमबीपीएसच्या, पोर्टमधून प्रत्यक्षात ९४-९५ एमबीपीएसच मिळतात. आज ते पुरेल, पण उद्या २०० चा प्लॅन घेतल्यावर राउटरच अडसर ठरेल. वायफाय ६ असलेला मिळत असेल तर उत्तम, परंतु ओसरीत दोन-चार मोबाइल आणि एक लॅपटॉप असताना वायफाय ५ चा चांगला राउटरही कमी पडत नाही.

जोडल्यावर तो ॲक्सेस पॉइंट मोडवरच ठेवावा. तसे न केल्यास घरात एकामागे एक दोन राउटर पत्ते वाटू लागतात आणि प्रिंटर किंवा कॅमेरा एकीकडचा दुसरीकडे सापडत नाही. दोन्हींना वायफायचे नाव आणि पासवर्ड एकच द्यावा, सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवावी आणि २.४ गिगाहर्ट्झवर एकाला चॅनल १, दुसऱ्याला ६ किंवा ११ द्यावा, कारण एकमेकांत न मिसळणारे चॅनल हे तीनच आहेत. सेटिंगच्या पानाचा मुळातला पासवर्ड त्याच वेळी बदलून टाकावा.

तापीकाठ (चोपडा तालुका)

अगदी स्पष्ट झाले. एकच विचारते: केबल भिंतींना भोके न पाडता बाहेरून, धाब्याच्या कडेने ओसरीपर्यंत नेता येईल, अंतर साधारण २५ मीटर भरेल. ऊन आणि पाऊस दोन्ही लागेल. कोणती घ्यावी?

पांझराकाठ (धुळे)

अंतराची काळजी नाही. कॅट ५ई किंवा कॅट ६ केबलवर गिगाबिट १०० मीटरपर्यंत चालते. केबल शुद्ध तांब्याची आहे हे वेष्टनावर वाचून घ्यावे. स्वस्तात मिळणारी केबल बहुधा ‘सीसीए’ असते, म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा. ती लवकर तुटते आणि तिचा रोधही जास्त असतो. गिगाबिटला केबलमधील तारांच्या चारही जोड्या लागतात. एक जरी तार तुटली तरी वेग मुकाट्याने १०० वर उतरू शकतो, म्हणून जोडल्यावर राउटरच्या पानावर लिंकचा वेग १००० दाखवतो का, हे पाहून घ्यावे.

बाहेरून न्यायची असल्याने काळ्या जाड आवरणाची, बाहेरच्या वापरासाठीची केबलच घ्यावी. घरातली पांढरी केबल आपल्या उन्हात तडकते. विजेच्या वायरच्या पाइपमधून ती नेऊ नये, दोन्हींत वीतभर तरी अंतर ठेवावे. घरात शिरते तिथे भोकाच्या आधी खाली झुकता झोल द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून आत न येता तिथेच टपकेल. ही केबल तांब्याची असल्यामुळे वळवाच्या पावसात जवळ वीज पडली तर तिच्यातून झटका दोन्ही उपकरणांपर्यंत पोहोचू शकतो. ढग गडगडू लागण्यापूर्वीच तिची दोन्ही टोके काढून ठेवावीत.