घरात टकळी आणि वर्गात तोंडच उघडत नाही, काय करावं?

तिसरीतली_आई:
माझी मुलगी तिसरीत आहे. घरी दिवसभर टकळी चालू, धाकट्या भावाला समोर बसवून शाळा शाळा खेळते आणि बाईंचा आवाज तर हुबेहूब काढते. पण वर्गात गप्प. पालकसभेत बाई म्हणाल्या, वहीत सगळं बरोबर असतं हो, पण विचारलं की मान खाली. मी घरी विचारलं तर म्हणते, "आई मला येत असतं गं, पण मी मनात जुळवेपर्यंत बाई दुसऱ्याला विचारतात." ऐकून कसंतरीच झालं. सासूबाई म्हणतात वक्तृत्व स्पर्धेत नाव घाल, भीती चेपेल. मला धीर होत नाहीये. कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

खडूफळा:
मी बरीच वर्षं प्राथमिकला शिकवतेय. ताई, लेकीनेच तुम्हाला नेमकं सांगितलंय बघा, तिला वेळ हवाय. १९७० च्या दशकात मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी वर्गातली रेकॉर्डिंग्ज तपासली, तर प्रश्न विचारून शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबत होते. तेच ३ सेकंद थांबले की उत्तरं लांब यायला लागली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागली. हे वाचल्यापासून मी प्रश्न विचारला की पाठीमागे हात धरून बोटं मोजते, कारण ते ३ सेकंद फार मोठे वाटतात हो, हात वर केलेली पोरं "बाई मी, बाई मी" करत असतात आणि आपलंच मन घाई करतं. तुम्ही बाईंना एकट्यात भेटा आणि उद्या तिला कुठला प्रश्न विचारणार तो आदल्या दिवशी कळवाल का असं विचारा. बहुतेक जणी करतात एवढं. स्पर्धेचं मात्र आत्ता अजिबात नको, तिथे अडखळली तर परत उभी करायला वर्ष जाईल.

दोन_मुलांचा_बाबा:
आमच्या मोठ्याचं सेम होतं आणि चूक माझी होती. कुणी त्याला काही विचारलं की मीच उत्तर द्यायचो, वर त्याच्यासमोरच म्हणायचो "तो लाजाळू आहे". मग तोही तेच धरून बसला. ते बंद केलं. शाळेत बाईंनी आधी शेजारच्या मुलाला उत्तर सांगायला लावलं, मग वहीत लिहिलेलं बसल्या जागेवरून वाचायला, उभं राहून बोलणं खूप नंतर आलं. मधे एक आठवडा परत गप्प झाला होता, तेव्हा आम्ही काही बोललो नाही, आधीच्याच पायरीवर थांबलो. आणि हो, पहिल्यांदा बोलला तेव्हा सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या तर तो जास्तच आक्रसला, त्यामुळे कौतुक हळू आवाजात.

मीरा_क:
एक बघून घ्या, मैत्रिणींशी तरी बोलते ना शाळेत? कारण घरी नीट बोलणारं मूल शाळेत महिनाभर किंवा जास्त काळ कुणाशीच बोलत नसेल (शाळा सुरू झाल्यावरचा पहिला महिना धरू नका) तर तो सिलेक्टिव्ह म्युटिझम असू शकतो. तो हट्ट नसतो, चिंतेचा प्रकार असतो, मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. कानही एकदा तपासा.

तिसरीतली_आई:
मैत्रिणींशी बोलते, डब्याच्या सुट्टीत तर भरपूर. कान तपासून घेते. खडूफळा ताई, आज बाईंना भेटले, लगेच हो म्हणाल्या. उद्याचा प्रश्न आहे झाडाला पानं कशाला लागतात. आत्ता भावाला समोर बसवून तिसऱ्यांदा उत्तर सांगणं चाललंय, तो कंटाळून पळायला बघतोय आणि ही त्याला म्हणते, "थांब, मला अजून जुळवू दे."