घराची किंमत ठरवणाऱ्याला परीक्षा हवी की नको?

लोकमान्यनगरकर:
इंदूरच्या सुदामा नगरातलं मामांचं घर बँकेनं लिलावाला काढलंय. हप्ते थकले, साठ दिवसांची नोटीस आली, दारावर ताब्याचा कागद चिकटला. ते सगळं कबूल. पण घराची किंमत ठरवणारा व्हॅल्युअर आला तो फाटकातूनच मोबाइलवर चार फोटो काढून गेला, टेप खिशातून काढलीच नाही. महिनाभर खेटे घातल्यावर अहवाल बघायला मिळाला, तर २०१६ साली चढवलेला वरचा मजला त्यात नाहीच! २०१८ ला कर्ज देताना हेच घर ६२ लाखांचं होतं, आता रिझर्व्ह प्राइस, म्हणजे लिलावाची किमान किंमत, ४१ लाख. घर जाऊन उरलेलं कर्ज मामांच्याच डोक्यावर राहणार. अशा माणसाला परीक्षा आणि लायसन्स सक्तीचं करा, खोटा अहवाल दिला तर लायसन्स रद्द.

सिव्हिलवाला:
दादा, मी स्वतः व्हॅल्युअर, दोन बँकांच्या पॅनेलवर आहे. नोंदणी आजही लागते. सरफेसी, म्हणजे थकीत कर्जासाठी बँकेला गहाण घर विकू देणारा कायदा, त्याच्या २००२ च्या नियमांत व्हॅल्युअर वेल्थ टॅक्स (संपत्ती कर) कायद्याच्या कलम ३४एबीखाली नोंदलेला आणि बँकेच्या बोर्डानं मंजूर केलेला हवा, असं लिहिलंय. फाटकातून फोटो मीही काढलेत. घरचे आत घेत नाहीत, कोणी रडतं, कोणी अंगावर येतं. अमेरिकेत १९८९ च्या कायद्यानं लायसन्स आणलं, तरी २००८ चं घरकर्जांचं संकट टळलं नाही. कर्ज देणाऱ्यांना हवा तो आकडा लिहून दिला जात होता. इथेही काम बँकच देते, दाब तिथूनच येतो. परीक्षा वाढवली तर खरगोन-झाबुआला माणूस मिळायचा नाही, आणि इंदूरहून गेलेल्याची फी कर्जदाराच्याच खात्यावर चढेल.

रामबागकर, बँकेतून निवृत्त:
वेल्थ टॅक्स २०१५ च्या बजेटनं बंद झाला, यादी मात्र त्याच कायद्याची चालू आहे. कंपनी दिवाळखोरीत गेली, तर २०१७ च्या नियमांप्रमाणे आयबीबीआय या दिवाळखोरी मंडळाची परीक्षा पास झालेला व्हॅल्युअर लागतो. पीथमपूरच्या कारखान्याच्या शेडसाठी परीक्षा आणि राहत्या घरासाठी नाही, हे मला बिलकुल पटत नाही. आत घेतलं नाही, तर ‘आतून पाहणी झाली नाही’ असं अहवालात लिहा ना. मजला तर रस्त्यावरूनही दिसतो.

सिव्हिलवाला:
काका, मजल्याचं मान्य, ती चूकच आहे. पण तो माणूस परीक्षा पास असता, तरी फाटकातूनच परतला असता. त्यापेक्षा विक्रीच्या तीस दिवसांच्या नोटिशीबरोबर अहवालाची प्रत कर्जदाराला द्यायची सक्ती करा. डीआरटीत, म्हणजे कर्जवसुलीच्या न्यायाधिकरणात, जायला ४५ दिवस मिळतात, कागदच हातात नसेल तर भांडणार कशावर?

लोकमान्यनगरकर:
प्रत हवीच, पण परीक्षेचा आग्रह मी सोडत नाही. पकडला गेलो तर सही करायचा हक्कच जाईल, ही भीती असती तर त्यानं मान वर करून घर बघितलं असतं. मामींनी निगमच्या घरपट्टीची पावती शोधून काढलीय, तिच्यात दोन्ही मजले आहेत. सोमवारी रात्रीच्या गाडीनं ती घेऊन जबलपूरला डीआरटीत निघतोय.