ओली वाळू आणि कॉर्नफ्लोअर एकसारखे नाहीत

भूकंपात ओली वाळू पातळ का होते या प्रश्नावर एकाने उत्तर दिलंय की पाण्यात कालवलेल्या कॉर्नफ्लोअरसारखाच प्रकार आहे, जे जोरात दाबलं की घट्ट होतं. मला नाही पटत, दोन्ही जवळपास उलट आहेत.

वाळूची ताकद म्हणजे घर्षण, आणि ते कण एकमेकांवर किती दाबले गेलेत त्यावर ठरतं. सैल वाळूला हादरे बसले की कण खाली बसायला बघतात, पण फटींतलं पाणी इतक्या पटकन बाहेर पडू शकत नाही, मग वरचं वजन कणांऐवजी पाण्यावर येतं, पकड सुटते आणि जमीन चक्क वाहायला लागते. १९६४ ला जपानमधे निगाताला ४ मजली इमारती न मोडता अख्ख्याच्या अख्ख्या कलंडल्या त्या यामुळेच.

घट्ट वाळूत मात्र सरकायला कणांना एकमेकांवर चढावं लागतं, म्हणजे आकारमान वाढतं आणि पाणी आत ओढलं जातं, त्यामुळे पकड सुटण्याऐवजी वाढते. किनाऱ्यावर ओल्या वाळूत पाय टाकला की भोवती क्षणभर कोरडं दिसतं ना, ते हेच, ऑस्बर्न रेनॉल्ड्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८८५ मधे याचं कारण सांगितलं होतं, मला अजूनही ते फार सुंदर वाटतं.

कॉर्नफ्लोअरमधे जोर लावला की कणांमधला पाण्याचा पातळ थर हटतो आणि कण थेट एकमेकांत अडकतात, म्हणजे तिथे संपर्क वाढतो, सैल वाळूत तो तुटतो.

त्यामुळे पाया घालताना नुसतं "खाली वाळू आहे" एवढ्यावर थांबू नका, ती किती घट्ट बसलीय आणि भूजल किती वर आहे ते आधी तपासून घ्या.