विषय: रजया किती सांगायच्या? शुक्रवारपर्यंत कळवा

मंडळी,
मंडपवाल्याचा परत फोन आला. डिसेंबरात वाड्यावरच्या मुक्कामाला 31 जण पक्के आहेत. गाद्या ठरल्या, अडलंय रजयांवर. माणशी एक की दोन? हीटरचं नाव काढू नका, मागच्या खेपेला गीझर आणि हीटर एकदम लावल्यावर काय झालं ते सगळ्यांना आठवतंय.
– सचिव

उत्तर:
रजया कशाला? 34 हिवाळे मिनेसोटात काढलेत. उणे 25 मध्ये दारातला बर्फ मी स्वतः ओढतो. कोल्हापूरची थंडी म्हणजे आम्हाला चैत्र. अंग मुरलंय आता. माणशी एक चादर बास.
– अण्णा

उत्तर:
अण्णा, राग मानू नका, पण तुम्ही थंडीत राहता कुठे? घर गरम, गाडी गरम, मॉल गरम. बर्फ ओढता तो वीस मिनिटं, तोही जाड जॅकेट घालून. कातडीला गारठा लागेल तेवढंच शरीर शिकतं. कोरियातल्या पाणबुड्या बायका सुती कपड्यांत गार पाण्यात बुड्या मारायच्या, त्यांची चयापचयाची गतीसुद्धा हिवाळ्यात वाढायची. 1977 च्या सुमारास रबरी सूट आले आणि काही वर्षांत ती सवय विरून गेली.

शिवाय सवय झाली म्हणजे काय होतं? कापरं उशिरा भरतं, गारठा कमी जाणवतो. आतलं तापमान उतरायचं थांबतंच असं नाही. वय झालं की कातडीच्या रक्तवाहिन्या नीट आवळत नाहीत, मग ऊब बाहेर जाते. कापऱ्याने ऊब करणारे स्नायू झडतात. उष्णता तयार करणारी तपकिरी चरबी बाळांच्या अंगात भरपूर असते. मोठ्यांतही ती काम करते हे 2009 मध्ये पक्कं झालं, पण वयाबरोबर तीही घटते. वर थंडी वाजतेय हेच उशिरा कळतं. म्हणून साठीपुढच्या माणसाने ‘मला नाही वाजत’ म्हटलं की मला जास्त धास्ती वाटते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही फरक पडतो.
– डॉक्टरवहिनी

उत्तर:
गोळ्यांचा विषय लिस्टवर नको, ठरलंय आपलं. आणि तालमीतले आमचे वस्ताद सत्तरीतही पहाटे हौदावर गार पाण्याने अंघोळ करायचे, त्यांना कुणी रजई दिली नाही. खर्चाचं मी बघतो, सचिवांनी परस्पर काही ठरवू नये.
– खजिनदार

उत्तर:
वस्ताद अंघोळीआधी दोनशे जोर काढायचे. तुम्ही काढता?
– डॉक्टरवहिनी

उत्तर:
अण्णा, मी सांगतो आता. तिकडं बाहेर बर्फ असला तरी घरात 21-22 असतं. इथं पहाटे बाहेर 14 आणि सोप्यात फार तर दोन अंश जास्त, खाली शहाबादी. जागतिक आरोग्य संघटना 2018 पासून घरात किमान 18 अंश धरा म्हणते. नातवानं वाचून दाखवलं.

गेल्या जानेवारीत पहाटे तीनला तू चुलीपाशी बसला होतास. बाह्यांत हात घातलेले. चहाचा कप दिला तर बशीवर टकटक वाजत होता, स्वेटरचं बटण लावाय येईना. विचारलं तर म्हणे ‘झोप लागत नाही’. दादांचं घोंगडं पांघरलं तेव्हा कुठं पाचला डोळा लागला. मी 77 ची आहे, दोन स्वेटर घालतो, लाजत नाही.
– अक्का

उत्तर:
झोप खरंच लागत नव्हती. जेट लॅग होता.
ते घोंगडं माझ्या गादीवर ठेव. दुसऱ्या कुणाला देऊ नको.
– अण्णा

उत्तर:
60 रजया सांगितल्या. मोजे, कानटोपी आपापली आणा.
– सचिव

उत्तर:
31 दुणे 62 होतात. अण्णांच्या दोन वजा केल्या असतील तर तसं लिहा की. आणि सांगितल्या कुणाला विचारून?
– खजिनदार